डब्यात उलटलेलं चौथं रीळ

सुरुवातीलाच सांगून टाकते — भूत, करणी, भानामती यातलं मी काहीही मानत नाही. हा प्रकार घडण्याआधी मानत नव्हते, आणि घडून गेल्यावरही मानत नाही. माझी सगळी चिडचिड त्याचीच आहे. मानत असते तर एक नारळ फोडून मोकळी झाले असते... या सदरात इतरांचे अनुभव मी वाचते. त्यांत निदान एखादं पिंपळाचं झाड असतं, कुणीतरी विहिरीत गेलेलं असतं. माझ्याकडे तसलं काही नाही. भर दुपार, भर वस्तीतला रस्ता, आणि माझ्या मांडीवर पत्र्याचा एक डबा. बस्स.

सोलापुरात बोलपट यायच्या आधी दोनेक वर्षांची ही गोष्ट. नवी पेठेच्या मागच्या अंगाला आमचं थिएटर आहे. यजमान गेल्यावर ते मी चालवायला घेतलं. बाईमाणूस थिएटर काय चालवणार म्हणून बरेच जण हसले, नंतर तिकीट काढून आत आले. माझं माहेर विणकरांचं. वयाच्या सहाव्या वर्षापासून मी सुताच्या कांड्या भरल्या आहेत, त्यामुळे एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी न तुटता, न गुंतता गुंडाळणं हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. फिल्मचं काम तेच आहे. फक्त सुतापेक्षा फिल्म लाडावलेली असते.

वाचकांपैकी सगळ्यांना हे ठाऊक नसेल, म्हणून थोडं सांगते. कंटाळा आला तरी वाचा, कारण पुढचं सगळं यावरच आहे. मशीनवर रीळ चालून संपलं की फिल्मचं शेपूट बाहेर राहतं आणि तोंड आत, अगदी मधोमध जातं. तसंच पुन्हा लावलं तर चित्रातली माणसं डोक्यावर उभी राहून मागे मागे चालतात. म्हणून प्रत्येक रीळ चालून झालं की ते दुसऱ्या रिळावर उलटं गुंडाळावं लागतं. त्यासाठी टेबलावर दोन लोखंडी खांब असतात. एकावर भरलेलं रीळ, दुसऱ्यावर रिकामं. रिकाम्याच्या बाजूला दाते आणि हँडल — हँडल एकदा फिरवलं की रीळ चारदा फिरतं. कंपनीच्या कागदावर त्याचं नाव रिवाइंडर, पण आमच्याकडे सगळे रहाटच म्हणत. एका हाताने हँडल मारायचं, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फिल्मची कड चाचपत राहायचं, कुठे चिरली असेल तर तिथेच थांबायचं. सैल गुंडाळली तर थर एकमेकांवर घासून चित्रावर रेघा पडतात. फार आवळली तर कडेची भोकं फाटतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं — एका रिळावरून दुसऱ्या रिळावर गेल्याशिवाय फिल्म उलटत नाही. डबा हलवा, आपटा, पालथा करा... तोंड बाहेर असेल तर ते बाहेरच राहणार.

हे काम आमच्याकडे राजय्या करायचा. तेलुगू पद्मशाली, वय पंचेचाळीसच्या आसपास. गिरणीत होता, तिथे मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि मग त्याला कुणी ठेवून घेईना. मधे वर्षभर प्यायचा. माझ्याकडे आला तेव्हा सोडली होती. मी त्याच्यासाठी रहाटाच्या हँडलला चिंध्या गुंडाळून मूठ जाड करून घेतली, आणि पंधरा दिवसांत हा माणूस हजार फुटांचं रीळ दोन मिनिटांत गुंडाळायला लागला. एक रेघ नाही. त्याची बायको घरी विड्या वळायची. हा प्रकार घडला त्याच महिन्यात त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

गिरण्यांच्या बाजूला दुसरं थिएटर होतं. मालक मल्लप्पाअण्णा, लिंगायत, घरात कानडी, दुकानात मराठी. नवं चित्र आलं की प्रत आम्हा दोघांत एकच यायची. दुपारचा खेळ आमच्याकडे तीनला सुरू, त्यांच्याकडे साडेतीनला. आमच्याकडे एक रीळ संपलं की राजय्याने गुंडाळायचं, मी डब्यात घालून द्यायचं, आणि टांग्याने दहा मिनिटांत ते तिकडे पोचायचं. हुसेनभाई आणि त्यांचा धाकटा भाऊ, असे दोन टांगे आळीपाळीने धावायचे. मल्लप्पाअण्णांच्या ऑपरेटरला रीळ हातात पडल्यापासून ते मशीनवर चढवेपर्यंत तीन मिनिटं मिळायची. तीनच. त्यात रीळ उलटं निघालं तर संपलं, कारण त्यांचा रहाट जुना. त्यावर गुंडाळायला पाच मिनिटं लागायची आणि मधेच तो अडायचा.

त्या आठवड्यात शुक्रवार, शनिवार, रविवार असं तीन दिवसांचं चित्र होतं. शुक्रवारी संध्याकाळी मल्लप्पाअण्णा स्वतः आमच्या ऑफिसात आले. टोपी हातात, तोंड लाल.

"एन अक्का, हे काय चाललंय? चौथं रीळ उलटं पाठवलात!"

"शक्य नाही," मी म्हटलं.

"शक्य न्हाय? अहो, माझ्या पब्लिकनं बघितलं की! घोडा आभाळाला पाय लावून मागं मागं पळतोय, राजपुत्र वरच्या जमिनीवरनं पडून खालच्या खिडकीत जातोय. पडद्यापुढचा पेटीवाला हसून हसून पेटीवर पडला. सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्या लोकांनी, पडदा फाटता फाटता वाचला!"

राजय्याला बोलावलं. तो सरळ उभा राहिला.

"मी बरोबर गुंडाळलो की अम्मा. तोंड भायेर ठेवलो."

"पिऊन गुंडाळलास," मल्लप्पाअण्णा म्हणाले.

"वास घ्या की मालक." आणि त्याने खरोखरच तोंड उघडून पुढे केलं. अण्णा दोन पावलं मागे सरले.

मला वाटलं, घाईत झालं असेल. रागावले, विषय संपवला. रात्रीच्या खेळाला तेच चौथं रीळ आमच्याकडे निमूट चाललं.

शनिवारी मी रहाटाशेजारी स्टूल टाकून बसले. राजय्याने चौथं रीळ माझ्यासमोर गुंडाळलं. तोंडाकडच्या पट्टीवर चारचा आकडा रंगवलेला होता, तो मी बोटाने पुसून पाहिला. डब्यात रीळ, वर झाकण. तो सहाव्याची तयारी करायला केबिनमध्ये गेला आणि डबा मी स्वतः नेऊन टांग्यात ठेवला. आदल्या दिवशी चौथं हुसेनभाईंच्या टांग्यातून गेलं होतं, म्हणून आज ते भावाच्या टांग्यात दिलं. शंका नको.

सव्वापाचला निरोप आला. चौथं रीळ उलटं. या वेळी त्यांच्या ऑपरेटरने चढवण्याआधी पाहिलं म्हणून बाटल्या वाचल्या. पण त्याला गुंडाळत बसावं लागलं, पडदा पाच-सात मिनिटं कोरा राहिला आणि लोकांनी दोन बाकं मोडली.

हुसेनभाई मला म्हणाले, "मैं क्या करूं बाईसाब? कल डब्बा बंद का बंद ले गया. खोल के देखने की फुरसत किसकू है? घोडेकू पूछो."

"तुमच्यावर आळ नाही," मी म्हटलं.

"फिर किसपे है?"

हा प्रश्न मी घरी घेऊन गेले. रात्री जेवताना घास हातात धरून मी विचार करत बसले. वाटेत कुणी डबा उघडला असं धरू. रीळ उलटायला रहाट लागणार, रिकामं रीळ लागणार. धावत्या टांग्यात दहा मिनिटांत? बरं, कशासाठी? कुणाचा काय फायदा? उत्तर म्हणून फक्त राजय्या उरतो, आणि राजय्याला तर मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

रविवारी सकाळी मल्लप्पाअण्णांचा माणूस चिठ्ठी घेऊन आला. आज पुन्हा झालं तर त्या पिणाऱ्या माणसाला काढा, नाहीतर पुढच्या चित्रापासून आपली भागी बंद. एकट्याने प्रत आणणं दोघांनाही झेपत नव्हतं हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

चिठ्ठी मी राजय्याला दाखवली नाही, पण त्याला कळलंच. तो रहाटाला तेल देत होता. वर न बघता म्हणाला, "अम्मा, मला काढायचं असेल तर लग्न झाल्यावर काढा. पिऊन काढला म्हणून कळलं तर ते लोक पोरीला करून घेणार न्हाईत."

"कुणी तुला काढत नाही. हात चालव."

"मीच चुकतोय काय की... माझाच हात मला कळत न्हाय आता." त्याने उरलेली तीन बोटं उघडून मिटून पाहिली. इतक्या दिवसांत त्याने त्या हाताची तक्रार केलेली मी पहिल्यांदा ऐकली.

दुपारी चौथं रीळ संपलं तेव्हा मी सगळ्या बाजू बांधून ठेवल्या होत्या. राजय्याने गुंडाळलं. मी तोंड पाहिलं, चारचा आकडा पाहिला. मग तोंडाकडच्या पहिल्या भोकातून तांबडं सूत ओवून विणकरी गाठ मारली. ही गाठ माझ्या आईची, ती सुटत नाही. रीळ डब्यात घातलं, झाकणाच्या कडेवर चार ठिकाणी लाख ओतली. आणि डबा घेऊन मी स्वतः हुसेनभाईंच्या टांग्यात चढले.

"आप?" हुसेनभाई म्हणाले.

"चला."

रस्ता रोजचा. बाजारातून बाहेर, मग गिरण्यांच्या भिंती. उन्हाने पत्रा तापला होता, म्हणून मी पदर घडी करून डब्याखाली घेतला. दोन्ही हात झाकणावर. वाटेत टांगा एकदाच थांबला — समोर सरकीची गाडी आडवी आली म्हणून — आणि तेव्हाही हात काढले नाहीत. काही जाणवलं का, असं मला नंतर मीच शंभरदा विचारलं आहे. काहीही नाही. डबा हलला नाही, वाजला नाही, थंड पडला नाही. या सदरात लिहिणाऱ्यांना अशा वेळी काटा तरी येतो. मला फक्त घाम आला.

मल्लप्पाअण्णांच्या केबिनमध्ये त्यांच्यासमोर आणि त्यांच्या ऑपरेटरसमोर मी लाख फोडली. चारी ठिकाणची शाबूत होती. झाकण काढलं.

शेपूट बाहेर होतं.

चारचा आकडा नाही, तांबडं सूत नाही. नुसती काळी पट्टी. मी कडेवरून बोट फिरवलं... आणि इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही, कारण ती कळायला कांड्या भरलेल्या असाव्या लागतात. गुंडाळणाऱ्याचा हात गुंडाळलेल्यावर उमटतो. राजय्याचं रीळ मधे किंचित आवळ आणि कडेला सैल असतं. माझं शेवटी शेवटी घट्ट होतं, कारण मला संपवायची घाई असते. मशीनवरून उतरलेलं ओबडधोबड असतं. हे रीळ यातलं कशासारखंच नव्हतं. कड काचेसारखी. हजार फुटांत एक थर वर नाही, एक खाली नाही. हे ज्या कुणी केलं, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. त्या क्षणी मला भीती वाटली नाही. मला राग आला.

ऑपरेटर ओरडत होता, बाहेर शिट्ट्या सुरू झाल्या होत्या. त्याने रीळ रहाटावर चढवून धडाधड फिरवायला घेतलं. मी शेजारी उभी. सगळं उलटून झालं आणि शेवटी, अगदी आतून, तोंड बाहेर आलं. त्यावर चारचा आकडा आणि माझी तांबडी गाठ. जागच्या जागी.

"हे बघा!" मी म्हटलं.

"काय बघू?" मल्लप्पाअण्णा म्हणाले. "तोंडाला दोरा बांधलाय. बरं मग?"

आणि खरंच, बरं मग? त्या दोऱ्याने काय सिद्ध होत होतं? रीळ उलटं होतं तेव्हा तो आत होता, सुलटं झालं तेव्हा बाहेर आला. दोरा तोंडाला असतो, एवढंच. मी केलेला सगळा बंदोबस्त पाच मिनिटांत त्यांच्याच ऑपरेटरने फिरवून टाकला होता.

केबिनमध्ये मशीनचा आवाज सुरू झाल्यावर अण्णांनी मला जिन्यात नेलं. आवाज खाली आणून, पण ठामपणे बोलले. "अक्का, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण माणूस पितोय. आज त्याला काढता, का भागी मोडू? दोनातलं एक सांगा."

खरं सांगायचं तर काय सांगायचं? की रीळ सुलटं होतं, माझ्या मांडीवर होतं, डब्यात दुसरं रीळ नव्हतं, मावतही नाही, आणि तरी ते उलटलं? फार तर ते म्हणाले असते, बाई आपल्या नोकराला पाठीशी घालतेय. नाहीतर त्याहून वाईट — खरं मानलं असतं. मग मांत्रिक आला असता, लिंबं कापली असती, आणि पहिलं बोट गेलं असतं ते तुटक्या बोटांच्या माणसाकडे. याचा हात लागला म्हणून झालं. पिणाऱ्याला लोक एखादे वेळी माफ करतात. करणीचा हात म्हटला की त्याच्या घरात मुलगी मागायला कुणी येत नाही.

जिन्याच्या तीन पायऱ्या उतरेपर्यंत मी हा हिशोब केला.

"अण्णा," मी म्हटलं, "राजय्याने तिन्ही दिवस बरोबर गुंडाळलं. त्या रिळात तुटून जोडलेले सांधे फार आहेत. तो केबिनमध्ये गेला की मी ते पुन्हा रहाटावर चढवून सांधे तपासत होते. तपासलं की ते उलटं होतं. परत फिरवायचं मी विसरले."

"तीनदा?"

"तीनदा."

"आज दोरा बांधून सुद्धा?"

"दोरा बांधला, मग तपासलं, मग विसरले. वय झालं माझं."

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते.

मल्लप्पाअण्णा जे हसायला लागले... त्यांना भिंत धरावी लागली. "अय्यो अक्का! आमाला वेळ शिकवणाऱ्या तुमी! अख्ख्या सोलापुराच्या चुका काढणाऱ्या तुमी!" राजय्याचा विषय तिथेच संपला. भागी राहिली. त्या आठवड्यात नवी पेठेत मला भेटलेल्या प्रत्येक माणसाला ही गोष्ट ठाऊक होती. बांगडीवाल्याने विचारलं, "बाई, पिशवी सुलटी धरलीय ना?"

सोमवारी प्रत रेल्वेने मुंबईला परत गेली. त्याआधी पहाटे उठून मी तेच रीळ, त्याच डब्यात, त्याच टांग्यातून, त्याच रस्त्याने दोनदा नेऊन आणलं. काही झालं नाही. नंतर दुसऱ्या चित्राचं चौथं रीळ नेलं. काही नाही. ज्या गावांना ती प्रत पुढे गेली त्यांतल्या दोन थिएटरांना पत्रं घातली. एकाने उत्तर दिलं नाही, दुसऱ्याने लिहिलं, प्रत उत्तम होती. कॉलेजात शास्त्र शिकवणारे एक मास्तर आमच्या गल्लीत राहतात. त्यांना सगळं सांगितलं, नाव न घेता, दुसऱ्या कुणाचं म्हणून. ते म्हणाले, "त्या बाई विसरल्या असतील." मी चहा न पिता उठले.

राजय्याच्या मुलीचं लग्न वेळेवर झालं. मी जेवायला गेले होते, जावई बरा आहे. आठ-नऊ वर्षं झाली याला, बोलपट आले, प्रत आता दोन थिएटरांत फिरत नाही. माझ्याकडे या प्रकाराला आजही काही उत्तर नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवावं, फक्त मी विसरले असेन असं कुणी कळवू नये.

कारण ते मला रोज ऐकावं लागतं. त्या रविवारी संध्याकाळी मी परत आले तेव्हा राजय्याला सगळं कळलं होतं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा पाया पडणार, आणि मला ते आवडत नाही. पण तो तसा उभा राहिला नव्हता. त्याची मान ताठ होती, तीन दिवसांत पहिल्यांदा.

"होतंय की अम्मा," तो म्हणाला. अगदी समजुतीने. "घाईत माणूस विसरतंय. मी कुणाला काय बोलणार न्हाय. मी आपला उगं माझ्याच हातावर संशय घेतलो बघा."

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तेव्हापासून आजपर्यंत, मी कुठलाही डबा बंद करायला घेतला की राजय्या हातातलं काम टाकून शेजारी येतो. वाकतो, फिल्मचं तोंड बघतो, आकडा वाचतो, मग मान हलवून मला परवानगी देतो — "बरोब्बर हाय अम्मा. लावा झाकण."

आणि मी लावते.